रेडिमेड कोर्स की मापाचा? दादाचा प्रश्न आणि आमच्या विषयाची पंचाईत

दिवाळीनंतर आमच्या राईतल्या एका दादानं मला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले. दादा भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. शेठनी त्याच्या हातात दोन कोटेशनं ठेवली होती. पहिलं तयार सुरक्षा-कोर्सचं: काही व्हिडिओ, प्रत्येकाच्या शेवटी पाच प्रश्न, पास झालं की प्रमाणपत्र. दुसरं ‘खास तुमच्या कंपनीसाठी’ बनवायच्या कार्यक्रमाचं, पहिल्याच्या चौपट किमतीचं. शेठ म्हणाले, ‘माणसं तुझी, तूच ठरव.’ दादा संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, ‘तू यातच पीएचडी करतेस ना? मग सांग, रेडिमेड घेऊ की शिवून घेऊ?’

प्रश्न गमतीत विचारलेला नव्हता. दिवाळीच्या ऑर्डरच्या घाईत त्याच्या खात्यातल्या एका पोराचं बोट प्रेसमध्ये गेलं होतं.

कामगारांना जे शिकवलं जातं त्यातलं कामावर किती उतरतं, हाच माझ्या संशोधनाचा विषय. म्हणजे हे उत्तर मला झोपेतून उठवलं तरी यायला हवं होतं. मी आधी नेहमीचं सांगून टाकणार होते: ‘गरज ओळखून बनवलेलं प्रशिक्षण केव्हाही चांगलं.’ आमच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात हेच आहे. पण चौपट पैसे खर्च करायला सांगायचं तर पुरावा दाखवता आला पाहिजे. तो शोधायला बसले, आणि आमच्याच विषयाच्या शिवणी उसवायला लागल्या. हा लेख त्याबद्दल आहे.

गरज ओळखा, असं सगळे म्हणतात

प्रशिक्षणाची गरज कशी ओळखावी याची जी चौकट आजही शिकवली जाते ती मॅकगीही आणि थेअर या दोघांची, १९६१ सालची. त्यांनी तीन गोष्टी बघायला सांगितल्या: संस्था, काम आणि माणूस. संस्थेला काय साधायचंय आणि तिथलं वातावरण कसं आहे. काम नक्की कसं केलं जातं. आणि ते करणाऱ्याला काय येतं, काय येत नाही. हे तिन्ही बघितल्यावरच काय शिकवायचं ते ठरवा. म्हणणं रास्त आहे. शिंपीसुद्धा आधी माप घेतो.

आता ४० वर्षं पुढे या. २००३ मध्ये आर्थर आणि सहकाऱ्यांनी कंपन्यांमधल्या प्रशिक्षणावरच्या १६२ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. आमच्या क्षेत्रात हा लेख सगळ्यांना पाठ असतो, कारण त्याचा निष्कर्ष सुखावणारा आहे: प्रशिक्षणाचा परिणाम मध्यम ते बऱ्यापैकी असतो. पण त्याच लेखातली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. त्यांनी तपासलेल्या नोंदींपैकी फक्त ६ टक्के नोंदींमध्ये प्रशिक्षणाआधी गरज तपासल्याचा उल्लेख होता. आणि त्या थोड्याशा नोंदींतही, जितकी जास्त तपासणी तितका जास्त परिणाम, असं चित्र स्पष्ट दिसलं नाही.

याचा अर्थ गरज तपासणं निरुपयोगी आहे असा होत नाही. ६ टक्क्यांवरून तसं म्हणताच येणार नाही. पण ‘मापाचं प्रशिक्षण जास्त परिणामकारक असतं हे संशोधनानं सिद्ध झालंय’ हे कोटेशनवरचं वाक्यही त्यावर उभं राहत नाही. या विश्लेषणात तयार विरुद्ध मापाचा अशी तुलना मुळात नाहीच. आम्ही विद्यार्थ्यांना माप घ्यायला शिकवतो आणि स्वतःच्या अभ्यासांत माप घेतलं की नाही हेही लिहून ठेवत नाही. टीका करायची तर सुरुवात इथून, म्हणजे घरातूनच करायला हवी.

दहा टक्क्यांची गोष्ट

मापाचा कार्यक्रम विकणाऱ्यांचं एक आवडतं वाक्य असतं: ‘प्रशिक्षणात शिकवलेल्यापैकी जेमतेम दहा टक्केच कामावर उतरतं.’ दादाच्या दुसऱ्या कोटेशनवरही ते होतं. वाचणाऱ्याला वाटतं, बाप रे, नव्वद टक्के पैसे पाण्यात! मग खासच घेऊया.

या आकड्याच्या मागे गेलं की फार दूर जावं लागत नाही. १९८२ मध्ये जॉर्जनसन नावाच्या लेखकानं प्रशिक्षकांसाठीच्या एका मासिकात साधारण अंदाज म्हणून हे लिहिलं होतं. मोजमाप केलेलं नव्हतं. पुढे बाल्डविन आणि फोर्ड यांच्या १९८८ च्या गाजलेल्या आढावा-लेखात तो उद्धृत झाला, आणि तिथून हजारो पुस्तकांत, स्लाइडांत, माहितीपत्रकांत शिरला. २००१ मध्ये फिट्झपॅट्रिक यांनी या आकड्याचा माग काढून दाखवून दिलं की त्याच्या मुळाशी अभ्यासच नाही. तरी तो मरत नाही. माझ्या संशोधन-प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यात मीही तो घातला होता. सरांनी समासात एकच शब्द लिहिला: ‘कुठून?’ मला उत्तर देता आलं नाही.

‘छान होतं’ म्हणजे काय?

बरं, आकडे सोडा. घेतलेलं प्रशिक्षण चांगलं झालं की नाही हे कंपनी ठरवते कसं? शेवटच्या दहा मिनिटांत एक फॉर्म येतो. प्रशिक्षक कसे वाटले? हॉल कसा होता? एक ते पाच गुण द्या. मापाच्या कार्यक्रमांना इथे हमखास चांगले गुण पडतात. पहिल्याच स्लाइडवर आपल्या कंपनीचं बोधचिन्ह, उदाहरणात आपल्याच कँटीनचा फोटो. माणूस खूश होणारच.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का आणि संस्थेला काय मिळालं. फॉर्म पहिल्या पायरीवरच थांबतो. पहिली चढलो की दुसरी आपोआप चढू, असं आपण धरून चालतो. अ‍ॅलिगर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ३४ अभ्यास एकत्र करून नेमकं हेच तपासलं. प्रशिक्षण ‘आवडलं’ असं म्हणणं आणि प्रत्यक्ष शिकणं यांचा संबंध जवळजवळ शून्य निघाला. ‘हे माझ्या कामाला उपयोगी आहे’ असं वाटण्याचा संबंध थोडा होता, तोही फार नाही.

त्यामुळे मापाच्या कार्यक्रमावर खर्च केलेल्या चौपट पैशातला किती भाग ‘आवडण्यावर’ गेला, हे विचारायलाच हवं. बोधचिन्ह, कंपनीचा रंग, सुरुवातीला शेठचा दोन मिनिटांचा संदेश: यातल्या कशानंही प्रेसवरचा हात बाजूला होत नाही. याला मी मापाचं म्हणणार नाही. रेडिमेड शर्टाच्या खिशावर नाव शिवून दिलेलं आहे.

मग रेडिमेडच बरं का?

इथे सुरक्षा-प्रशिक्षणावरचं संशोधन बघावं लागतं, कारण दादाचा प्रश्न बोटांचा होता. बर्क आणि सहकाऱ्यांचा २००६ चा लेख याबाबत सर्वांत जास्त वाचला गेलेला आहे. ९५ अभ्यास, सुमारे २१ हजार कामगार. निष्कर्ष असा की व्याख्यान, पत्रकं, व्हिडिओ यांच्यापेक्षा हातानं करून बघणं आणि त्यावर बोलणं जास्त उपयोगी. ज्ञानही वाढतं आणि अपघातही कमी होतात. एवढ्यावर व्हिडिओवाल्या कोर्सचा निकाल लागला असं वाटेल.

पण २०१२ मध्ये रॉब्सन आणि सहकाऱ्यांनी गाळणी बारीक केली. कामगारांचे गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडून केलेले प्रयोगच त्यांनी घेतले. असे २२ उरले. त्यांतून दिसलं की प्रशिक्षणानं कामगारांचं वागणं बदलतं, याला भक्कम पुरावा आहे. पण त्यामुळे दुखापती कमी होतात असं ठामपणे म्हणायला पुरावा पुरेसा नाही. एका सत्रापुरतं बघितलं तर करून बघण्याचं प्रशिक्षण साध्यापेक्षा सरस असतं, हे म्हणायलाही तो पुरत नाही.

हे वाचलं तेव्हा मी वही मिटली. वागणं बदलतं, पण दुखापत कमी झाली असं म्हणता येत नाही? मग मधे काय होतं? त्या पोराचं बोट गेलं ते त्याला माहीत नव्हतं म्हणून का?

प्रेसजवळ उभं राहिल्यावर

एका शनिवारी दादाबरोबर कारखान्यात गेले. पत्र्याची गोल चकती, तिथे तिला ‘सर्कल’ म्हणतात, ती डायवर ठेवायची, पाय पेडलवर दाबायचा, वरचा ठोकळा खाली येतो, वाटी तयार. हात आत, पाय खाली. हात आणि पायाचा ताल एकदा चुकला की संपलं.

त्या पोराच्या जागी आलेल्या दुसऱ्या मुलाला मी विचारलं, हात आत घालायचा नाही हे माहीत आहे का? तो हसला. ‘मालूम है, दीदी. चिमटा भी है.’ चिमटा खरंच होता, मशीनच्या बाजूला खिळ्याला टांगलेला. चिमट्यानं सर्कल ठेवलं की वेळ जास्त लागतो, आणि पैसे नगावर मिळतात. मशीनची जाळीही होती, ती काढून भिंतीला टेकवलेली, त्याच कारणासाठी.

मॅकगीही आणि थेअरच्या तीन मुद्द्यांत ‘संस्था’ पहिली का आहे, ते मला त्या भिंतीजवळ कळलं. त्या मुलाला ज्ञान कमी नव्हतं. आठ व्हिडिओ बघून त्यानं पाचपैकी पाच बरोबर लिहिलं असतं. मापाच्या कार्यक्रमातही पाचच. अडचण मजुरीच्या हिशोबात आणि टेकवून ठेवलेल्या जाळीत होती. चालत्या यंत्राचे धोक्याचे भाग झाकायला हवेत, हे तर १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २१ मध्येच सांगून ठेवलं होतं. धोका आधी यंत्रात कमी करायचा, मग कामाच्या पद्धतीत, आणि माणसानं सावध राहण्यावर सगळ्यात शेवटी विसंबायचं, हा सुरक्षाशास्त्राचा पहिला धडा. प्रशिक्षण त्या शेवटच्या टोकाला येतं.

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. मापाच्या प्रशिक्षणाची खरी किंमत माप घेण्यात असते. पण माप घेणारा आणि कापड विकणारा एकच असतो. मापं घेऊन झाल्यावर ‘तुम्हाला शर्ट नकोय, आधी छप्पर दुरुस्त करा’ असं म्हणणारा शिंपी कुठे भेटणार? प्रशिक्षण विकणाऱ्याच्या गरज-तपासणीतून ‘प्रशिक्षणाची गरज नाही’ असा निष्कर्ष निघणं अवघड असतं. दादाच्या दुसऱ्या कोटेशनमध्ये ‘गरज विश्लेषण’ या ओळीपुढे लिहिलं होतं: व्यवस्थापनाबरोबर एक ऑनलाइन बैठक. म्हणजे प्रेसजवळ कुणी येणारच नव्हतं.

साचा तयार, काम आपलं

मग तयार आणि मापाचं हे भांडणच खोटं आहे का? पूर्ण खोटं नाही. पण एक जुना कार्यक्रम या भांडणाच्या मधून सरळ निघून गेला होता, त्याबद्दल सांगते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले अनुभवी कामगार सैन्यात जात होते आणि कारखान्यांत नवखी माणसं भरावी लागत होती. त्यांना झटपट शिकवायचं कुणी? मुकादमांनी, सुपरवायझरांनी. त्या मुकादमांना शिकवायला १९४० ते १९४५ या काळात ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. १६ हजारांहून जास्त कारखाने आणि सुमारे साडेसतरा लाख प्रमाणपत्रं. युद्धानंतर तो जपानला गेला आणि तिथल्या कारखान्यांत खोल रुजला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या हातून तो आपल्याकडच्या कापड गिरण्यांपर्यंतही आला.

यातला ‘काम कसं शिकवावं’ हा भाग म्हणजे रेडिमेडचा कळस. दहा तास, दोन-दोन तासांच्या पाच बैठका, दहाएक माणसांचा गट. प्रशिक्षकानं काय बोलायचं, फळ्यावर काय लिहायचं, कोणत्या मिनिटाला काय करायचं, सगळं छापील. उदाहरणही ठरलेलं: विजेच्या वायरला मारायची एक विशिष्ट गाठ. आधी ती चुकीच्या पद्धतीनं शिकवून दाखवायची, मग बरोबर. जहाजाच्या गोदीत असो की कापड गिरणीत, गाठ तीच.

पण पुढच्या बैठकांत प्रत्येक मुकादमानं आपल्या खात्यातलं एक खरं काम आणायचं, त्याचे टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्प्यात जपायचं काय ते लिहायचं आणि सगळ्यांसमोर शिकवून दाखवायचं. साचा जगभर एकच, आत ओतलेलं काम ज्याचं त्याचं. माप बाहेरचा माणूस घेत नव्हता. ते काम रोज करणारा, करून घेणारा घेत होता. आणि तोच मुकादम दुसऱ्या दिवशी खात्यात हजर असायचा.

ही शेवटची गोष्ट संशोधनातही दिसते. ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ८९ अभ्यास एकत्र केले. शिकलेलं कामावर उतरतं की नाही याचा संबंध कामाच्या ठिकाणच्या आधाराशी दिसतो, आणि त्यात वरच्या माणसाच्या आधाराचा वाटा मोठा असतो. व्हिडिओ कुणी बनवला यापेक्षा, सोमवारी सकाळी ‘चिमटा घे, नग कमी झाले तरी चालतील’ असं म्हणणारं कुणी आहे का, हे जास्त महत्त्वाचं.

काय तयार घ्यावं, काय नाही

तयार कोर्स टाकाऊ आहेत असं माझं म्हणणं नाही. जे सगळीकडे सारखंच आहे ते खुशाल तयार घ्या. आग विझवायचं सिलिंडर वापरायची रीत राईत आणि राजकोटमध्ये वेगळी नसते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही देशभर एकच आहे, आणि त्याच्या कलम १९ प्रमाणे मालकानं जागृतीचे कार्यक्रम घ्यायचेच असतात. कायदा समजावणारी फिल्म तयार घेतली तर बिघडत नाही.

पण ती फिल्म संपली की तयार माल संपतो. फिल्ममध्ये काचेच्या केबिनचं ऑफिस असतं. इथे ठेकेदाराकडून आलेल्या बायका पॅकिंगला बसतात. तक्रार कुणाकडे करायची? समितीत कोण आहे, ती कुठे बसते? दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे कसं जायचं? ठेकेदारच त्रास देत असेल तर? ही उत्तरं दिल्लीत किंवा बंगळुरूत बसून कुणी लिहू शकत नाही. ती लिहायला तज्ज्ञही लागत नाही. त्या कारखान्यातला जबाबदार माणूस आणि एक कागद पुरतो.

शेवटी दादाला मी जे सांगितलं ते इथे लिहिते. एक, मापाचा कार्यक्रम विकणाऱ्याला एवढंच विचार: लिहायला बसण्याआधी तुमचा माणूस प्रेसजवळ किती तास उभा राहील? उत्तर तासांत आलं नाही, तर ते रेडिमेडच आहे, फक्त महाग. दोन, स्वस्त कोर्स घे, पण तो नुसती सुरुवात समज. पुढचा अर्धा तास प्रत्येक मशीनवर तू स्वतः शिकव, हिंदीत, त्यांच्या बोलीत. तीन, वाचलेले पैसे जाळीवर आणि दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय न चालणाऱ्या प्रेसवर खर्च करायला शेठना सांग.

‘आणि नगाचे पैसे?’ दादानं विचारलं.

त्यावर माझ्याकडे कुठलाही अभ्यास काढून दाखवायला नव्हता. मी म्हटलं, तेच खरं आहे, आणि ते कुठल्याच कोर्समध्ये येणार नाही.

शेठनी तयार कोर्स घेतला. दोन प्रेसना बटणं बसली, उरलेल्यांना ‘पुढच्या सीझनला’ म्हणाले. जाळ्या परत लागल्यात. नगाचा हिशोब आहे तसाच आहे. परवा दादा म्हणाला, चिमटा आता खिळ्याला नसतो, डायशेजारी असतो. पण ऑर्डरची घाई आली की काय होईल ते तेव्हाच कळेल. मी पुढच्या दिवाळीआधी परत जाणार आहे, फॉर्म न घेता. खिळा बघायला.